ट्रकचा कल काढताना : आधी मोजपट्टी, मग पाना

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आपल्या समाजातील कारागीर मोठ्या संख्येने आहेत. फिटर, वेल्डर, पाटेवाले, टायरवाले, बॉडी बांधणारे अशा अनेकांची रोजी ट्रकवर चालते. दुसरीकडे कापड, कांदा, फळे, लाकूड, भंगार यांचा व्यापार करणारे आपले बांधव मालाच्या ने-आणीसाठी याच ट्रकवर विसंबून असतात. म्हणून दोघांच्याही उपयोगाचा एक विषय आज आम्ही घेत आहोत. झिजलेले पाटे, बुश, शॅकल बदलल्यानंतरही गाडी एका अंगाला कललेली का राहते, आणि ती सरळ करण्याचा योग्य मार्ग कोणता?

हा प्रसंग गॅरेजवाल्यांना नवा नाही. नवे पाटे पडतात, पैसे मोजले जातात आणि गाडी बाहेर उभी राहिली की क्लीनर साइड दोन इंच खाली दिसते. मालक म्हणतो, "उस्ताद, एवढा खर्च केला आणि गाडी होती तशीच!" उस्तादालाही दुसरी गाडी घ्यायची घाई असते. मग एका बाजूला लोखंडी पट्टी नाही तर लाकडाचा ठोकळा घालून गाडी वर केली जाते. डोळ्याला ती सरळ दिसते, मालक खूश होतो. पण आत जो दोष होता तो तसाच राहतो, आणि मालेगावहून कापडाच्या गाठी भरून तीच गाडी जेव्हा कसारा घाट उतरते, तेव्हा तो दोष ड्रायव्हरच्या जिवावर बेततो. कल हे तापासारखे लक्षण आहे. ताप का आला हे न पाहता गोळी देणारा डॉक्टर आणि कल का आला हे न मोजता पॅकिंग घालणारा फिटर, दोघांचा उपचार सारखाच.

उंची कशाने ठरते?

गाडीची उंची आणि पाट्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी ध्यानात घ्यावे. पाट्याला जो बाक असतो त्याने मुख्यतः उंची ठरते. पाट्यांची संख्या, रुंदी, लांबी आणि जाडी यांनी ताकद ठरते. यात जाडीचा हिशेब सर्वात कडक आहे. ताकद जाडीच्या घनाने बदलते. १० मिलिमीटरचा पाटा झिजून व गंजून ९ मिलिमीटर झाला तर जाडी दहावा हिस्साच गेली असे वाटते. प्रत्यक्षात त्या पाट्याची ताकद सुमारे २७ टक्क्यांनी घटते. उलट १० च्या जागी ११ मिलिमीटरचा पाटा घातला तर तो सुमारे ३३ टक्क्यांनी कडक होतो. म्हणून "थोडा जाड चालेल" हे बोलणे पाट्याच्या बाबतीत चालत नाही. पाटा खरेदी करताना व्हर्नियर खिशात असावा.

बुश आणि पिन यांची झीज उंचीवर किती परिणाम करते, हेही समजून घ्यावे. अ‍ॅक्सल पाट्याच्या साधारण मध्यावर बसतो. त्यामुळे पाट्याच्या एका टोकाचा बुश ६ मिलिमीटर झिजला तर मध्यावर गाडी ३ मिलिमीटरच खाली येते. याचा अर्थ असा की झिजलेल्या बुशाने गाडी आवाज करील, स्टिअरिंग भटकेल, पण दोन इंचांचा कल एकट्या बुशाने येत नाही. तेवढा कल असेल तर बसलेला किंवा तुटलेला पाटा, वाकलेले ब्रॅकेट, पिळलेली चेसिस किंवा टायर यांत कारण शोधावे. शॅकलचाही हिशेब असाच आहे. एका बाजूला इंचभर लांब शॅकल पडली तर त्या बाजूला सुमारे अर्धा इंच फरक येतो. नव्या शॅकल घेताना दोन्ही शेजारी ठेवून लांबी पाहण्याला अर्धा मिनिट लागतो.

मोजमाप कसे घ्यावे?

पहिली अट म्हणजे जमीन सपाट हवी. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो, त्यामुळे रस्त्याकडेला उभी असलेली चांगली गाडीही डावीकडे झुकलेली दिसते. याच उतारामुळे आपल्याकडे डाव्या, म्हणजे क्लीनर बाजूच्या पाट्यांवर भार थोडा जास्त येतो आणि पुष्कळ गाड्यांत तीच बाजू आधी बसते. गॅरेजची फरशी सपाट आहे की नाही हे गवंड्याच्या लेव्हल पाईपने तपासता येते. पारदर्शक नळीत पाणी भरून चारही चाकांच्या जागा एकदा मोजाव्यात आणि जिथे फरक नाही तिथे रंगाने खुणा करून ठेवाव्यात. हे काम एकदाच करायचे आहे.

दुसरी अट : गाडी रिकामी हवी, आणि दोन्ही बाजूंना टायर एका मापाचे व हवा सारखी हवी. डिझेलच्या टाकीचेही वजन असते. २०० लिटर डिझेल म्हणजे साधारण १७० किलो, आणि ते सगळे एकाच अंगाला असते. स्टेपनी, ताडपत्री, दोरखंड, साखळ्या कोणत्या बाजूला आहेत तेही पाहावे.

तिसरी अट : जॅक काढल्याबरोबर माप घेऊ नये. पाटे एकमेकांवर घासत हलतात, त्यामुळे जॅकवरून उतरलेली गाडी लगेच आपल्या जागी बसत नाही. ती थोडी पुढे-मागे चालवावी, एक-दोनदा हलवून द्यावी, मगच मोजपट्टी लावावी.

माप बंपरचे किंवा बॉडीच्या फळीचे घेऊ नये. बॉडी बांधतानाच वाकडी बसलेली असू शकते, आणि बंपरला कधीकाळी ठोकर लागलेली असते. चारही चाकांजवळ दोन-दोन मापे घ्यावीत : एक, चेसिसच्या खालच्या कडेपासून अ‍ॅक्सलपर्यंत; दुसरे, अ‍ॅक्सलपासून जमिनीपर्यंत. दुसऱ्या मापात डावे-उजवे फरक असेल तर दोष टायरचा आहे, पाट्याला हात लावण्याचे कारण नाही. पहिल्या मापात फरक असेल तर दोष पाटा, शॅकल, बुश किंवा ब्रॅकेट यांत आहे. दोन्ही मापे बरोबर असूनही बॉडी कलत असेल तर बॉडीची बैठक पाहावी. या आठ आकड्यांनी अर्धे काम होते.

आणखी एक हिशेब फिटर बांधवांनी पाठ करून ठेवावा. मागच्या दोन पाट्यांत १ मीटर अंतर आहे आणि बॉडी २.४ मीटर रुंद आहे असे धरा. पाट्यापाशी २० मिलिमीटरचा फरक असेल तर बॉडीच्या कडेला तो ४८ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन इंच दिसतो. कडेला दोन इंच दिसले म्हणून पाट्याखाली दोन इंच घातले, तर गाडी दुसऱ्या बाजूला त्याहून जास्त कलणार. "डावीकडे घातले तर उजवीकडे जाते, उजवीकडे घातले तर डावीकडे" अशी तक्रार ऐकू येते ती बहुधा यामुळेच.

दोष पुढे की मागे?

चेसिस एकसंध असल्यामुळे मागचा डावा पाटा बसला तरी पुढची केबिनही डावीकडे झुकते. मग मागचे दुखणे असताना पुढचे पाटे बदलले जातात आणि मालकाचा खर्च वाया जातो. यावर सोपी परीक्षा आहे. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओट लावावी. मागे चेसिसच्या आडव्या चॅनलच्या बरोबर मध्यावर एकच जॅक लावून मागचा भार पाट्यांवरून उतरेल इतकीच गाडी उचलावी. चेसिसच्या दोन्ही बाजूंना थोडी फट ठेवून मजबूत स्टँड उभे करावेत आणि गाडीखाली कोणी जाऊ नये. आता मागचा आधार मध्यावर एकाच बिंदूवर असल्यामुळे मागच्या पाट्यांचा कल चेसिसला लागत नाही. पुढची बाजू सरळ झाली तर दोष मागे आहे. ती कललेलीच राहिली तर दोष पुढे आहे.

दुसरी परीक्षा अदलाबदलीची. दोन्ही बाजूंच्या पाट्यांचा पार्ट नंबर एकच असेल तर डावा संच उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवावा. कल पाट्याबरोबर दुसरीकडे गेला तर पाटा दोषी. कल जागेवरच राहिला तर पाटा निर्दोष आहे. ब्रॅकेट आणि चेसिस तपासावी. मेहनत थोडी लागते, पण पाटेवाल्याशी भांडण होत असेल तर ते मिटवायला याहून चांगला पुरावा नाही.

पाटे जोडीने बदलावेत

"तुटला तेवढाच टाका" हे मालकाचे म्हणणे समजण्यासारखे आहे, कारण भाडे मिळेलच याची खात्री नसते. परंतु एका बाजूला पूर्ण नवा संच आणि दुसऱ्या बाजूला बाक गेलेला जुना संच, अशी जोडी सारख्या उंचीवर उभी राहू शकत नाही. एका अ‍ॅक्सलवरचे दोन्ही संच एकाच वेळी, एकाच बनावटीचे व एकाच जाडीचे बदलावेत हा नियम आहे. पैशाची अडचण असेल तर दोन्ही संच खोलून प्रत्येक पाटा मोजावा, भेगा पाहाव्यात, आणि दोन्हीकडचा बाक सारखा होईल अशी दुरुस्ती पाटेवाल्याकडून करून घ्यावी.

ही दुरुस्ती करणाऱ्या भट्टीवाल्या बांधवांना एक विनंती. थंड पाटा घणाने ठोकून दिलेला बाक फार दिवस टिकत नाही, आणि गॅसने एके ठिकाणी लाल करून वाकवलेला पाटा तिथेच मऊ पडतो. आपण "पाणी देणे" म्हणतो, पण या पोलादाला पाण्यात नव्हे, तेलात बुडवावे लागते. पाण्यात भेग जाते. सगळा पाटा सारखा सुमारे ८५० अंश सेल्सियसपर्यंत तापवून तेलात विझवणे आणि नंतर पुन्हा साधारण ४५० ते ५०० अंशांवर तापवून त्याचा ठिसूळपणा काढणे, अशा या दोन पायऱ्या आहेत. दुसरी पायरी गाळली तर पाटा कडक दिसतो आणि पहिल्याच खड्ड्यात काचेसारखा तुटतो. रंगावरून उष्णता ओळखणारे जुने उस्ताद आहेत, तरी उष्णता मोजण्याचे साधन ठेवलेले बरे. आणि वेल्डिंगचा अर्थ पाट्याला कधीही लावू नये. ठिणगीच्या बारीक डागापासून तुटीची सुरुवात होते.

बसवताना लक्षात ठेवावे

सेंटर बोल्टचे डोके अ‍ॅक्सलवरच्या भोकात नीट बसले पाहिजे. ते कडेवर चढले तर पाटाही उचलला जातो आणि अ‍ॅक्सलही सरकतो. मग गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते आणि टायर खाते. खात्री करायची तर पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. पुढची चाके सरळ असताना ते सारखे यायला हवे.

पुढच्या अ‍ॅक्सलवर काही गाड्यांत पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये उतरती पाचर असते. खोलण्यापूर्वी तिची जाड बाजू कुठे आहे याची खूण करावी. ती उलटी बसली की स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही, भटकते.

यू-बोल्ट एकदा पूर्ण कसले की ताणले जातात, म्हणून पाट्यांबरोबर नवे यू-बोल्ट आणि नवे नट घालावेत. चारही नट आलटून-पालटून, थोडे-थोडे आवळावेत आणि शेवटचा जोर गाडी चाकांवर उभी असताना, कंपनीच्या पुस्तकातील मापाने टॉर्क पान्यावर द्यावा. यू-बोल्ट सैल राहिला की पाटा मधल्या भोकापाशी तुटतो आणि सेंटर बोल्ट कापला जातो.

रबरी बुश असतील तर एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. अ‍ॅक्सल लटकत असताना बुशाचा बोल्ट पूर्ण आवळू नये. तसे केले तर गाडी खाली येताना रबर पिळले जाते. पिळलेले रबर काही दिवस गाडीला खोटी उंची देते आणि मग फाटते. हा बोल्ट गाडी आपल्या वजनाने उभी राहिल्यावरच कसावा. रबराला ग्रीस किंवा डिझेल लावू नये, ते फुगते. धातूचे बुश आणि ग्रीसची पिन असेल तर मात्र दुसऱ्या टोकातून नवे ग्रीस बाहेर येईपर्यंत गन चालवावी.

पॅकिंगचा मोह

लाकडाचा ठोकळा कोणत्याही अ‍ॅक्सलवर घालू नये. तो सुकतो, आकसतो, चिरतो. यू-बोल्टचा आवळ निघून जातो. पुढच्या अ‍ॅक्सलवर तर उंचीसाठी कोणतेही पॅकिंग नकोच, कारण ब्रेकचा आणि स्टिअरिंगचा सगळा जोर तिथेच येतो. मागच्या अ‍ॅक्सलवर कंपनीने दिलेला लोखंडी ठोकळा असतो, तो त्याच मापाचा व एकच असावा. एकावर एक रचू नये.

सर्व मापे घेऊन, पाटे-शॅकल-ब्रॅकेट तपासूनही थोडा फरक उरला तर कंपनीच्या पुस्तकातील मर्यादा पाहावी. चेसिसपाशी अर्ध्या इंचाच्या आतल्या फरकासाठी गाडी पुन्हा खोलू नये असे आम्ही सुचवू, कारण नवे पाटे पहिल्या भारानंतर थोडे बसतात. पण पुस्तकातील आकडा याहून कमी असेल तर तोच खरा.

उंची बदलली की आणखी काय बदलते?

कल काढण्याच्या नादात गाडी मागून उंच केली तर केवळ दिसण्यात फरक पडत नाही. पुढच्या-मागच्या चाकांत ४.२ मीटर अंतर असलेल्या गाडीचा मागचा भाग ७३ मिलिमीटरने उचलला की सगळी चेसिस पुढे एक अंशाने झुकते. त्याने पुढच्या अ‍ॅक्सलचा कोन बदलून स्टिअरिंग हलके आणि भटके होते. समोरच्या दिव्याचा झोत १० मीटरवर सुमारे १७५ मिलिमीटर खाली उतरतो. प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलून क्रॉस लवकर जातो.

सर्वात गंभीर गोष्ट ब्रेकची. ज्या गाड्यांत भार पाहून मागच्या चाकांना हवा सोडणारा वॉल्व्ह असतो, तो चेसिस आणि मागचा अ‍ॅक्सल यांतील अंतरावरून भार ओळखतो. मागे पॅकिंग घातले किंवा पाटे कडक केले की भरलेली गाडीही त्या वॉल्व्हला रिकामी वाटते. तो मागच्या ब्रेकला कमी हवा देतो, सगळा जोर पुढच्या ब्रेकवर येतो, ड्रम तापतात. सपाट रस्त्यावर हे कळत नाही. घाटात कळते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून पाट्याचे कोणतेही काम झाले की या वॉल्व्हची दांडी गाडीवरच्या पट्टीत दिलेल्या मापाने पुन्हा लावून घ्यावी. ब्रेकच्या नळ्या ताणल्या जात नाहीत ना, हेही पाहावे.

पहिल्या भरलेल्या फेरीनंतर गाडी परत बोलवावी. यू-बोल्ट पुन्हा आवळावेत आणि आठही मापे पुन्हा घ्यावीत. ही दुसरी तपासणी मजुरीतच धरावी, वेगळे पैसे मागू नयेत. गिऱ्हाईक टिकते ते अशाच गोष्टींनी.

जादा पाटा आणि कायदा

पुष्कळ मालक बसलेल्या पाट्यांवर उपाय म्हणून एक-दोन पाटे वाढवून मागतात. खरा हेतू बहुधा जादा माल भरण्याचा असतो. पाटा वाढवल्याने अ‍ॅक्सल, ब्रेक, टायर आणि चेसिस यांची ताकद वाढत नाही. कायद्याने मान्य वजनही वाढत नाही. २०१८ साली केंद्र सरकारने दोन अ‍ॅक्सलच्या सहाचाकी ट्रकची एकूण वजनाची मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टन केली, परंतु आपल्या गाडीच्या नोंदणी पुस्तकात जो आकडा आहे तोच आपल्याला लागू आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. कंपनीच्या रचनेत मनाने फेरफार करण्याला त्याच कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे. व्यापारी बांधवांनीही हे ध्यानात घ्यावे. गाडीत माल एका बाजूला रचला, तर नवे पाटेसुद्धा काही महिन्यांत एकाच अंगाला बसतात.

हिशेब वहीत असू द्या

शेवटी कारागिरांच्या फायद्याची एक सूचना. एक साधी वही ठेवावी. गाडी आली की काम सुरू करण्यापूर्वीची आठ मापे, काम झाल्यावरची आठ मापे आणि पहिल्या फेरीनंतरची आठ मापे लिहावीत. काय बदलले, काय बदलायला मालकाने नकार दिला, हे बिलावर लिहून त्याची सही घ्यावी. "एकच बाजू बदलली, दुसरी जुनी आहे, फरक राहील" एवढी एक ओळ पुढचे भांडण वाचवते. मोठ्या सर्व्हिस सेंटरकडे छापील कागद असतात म्हणून लोकांचा त्यांच्यावर विश्वास बसतो. आपल्या हातात हुन्नर आहे, कागदाची सवय नाही. ती लावून घ्यायला पैसा लागत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढला, तो प्रसंग आपल्या वाचकांना ठाऊक आहे. वरून कोरडे आणि आतून ओले धान्य विकणे जसे, तसेच वरून सरळ दिसणारा आणि खाली ठोकळ्यावर उभा असलेला ट्रक गिऱ्हाइकाच्या हवाली करणे. धान्याच्या व्यवहारात नुकसान पैशाचे होते. इथे ड्रायव्हर, क्लीनर आणि रस्त्याने जाणारी माणसे यांचा जीव आपल्या पान्याखाली अमानत असतो. ट्रक टर्मिनलवर काम करणाऱ्या आपल्या तरुणांनी मोजपट्टी, व्हर्नियर, टॉर्क पाना आणि वही या चार गोष्टी आपल्या पेटीत ठेवाव्यात. रोजी हलाल राहील आणि, इन्शाअल्लाह, गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार नाही.